रिंग खाली, माणूस वर

कय्युमभाईंबद्दल लिहावे इतकी माझी त्यांची ओळख नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ते कोणत्या साली जन्मले, शाळा कितवीत सोडली, जेवणात त्यांना काय आवडायचे, यातले एकही मला सांगता येणार नाही. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो, तेही मयतीला. वीसेक वर्षे मी त्यांच्या दुकानासमोरून सायकलने गेलो आणि आलो. कधी हवा भरायला थांबलो, कधी चहाला. एवढ्यावर माणसाबद्दल लिहू नये. पण वाचनालयाच्या मंडळींनी गावातल्या कोणावर तरी लिहा म्हणून तीनदा निरोप धाडला, आणि मला दुसरे कोणी सुचेना.

पांढरकवड्याच्या जुन्या हायवेवर, लिंबाच्या झाडाखाली त्यांचे ट्रकच्या टायरचे दुकान. टिनाचे छप्पर, एक कंप्रेसर, झाडाला टेकवून ठेवलेली जुनी टायरे आणि एक बाज. दुकान त्यांच्या अब्बांनी टाकले. अब्बांच्या मागे कय्युमभाई आणि त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान भाऊ आसिम, दोघे मिळून चालवत. कय्युमभाई अंगाने भरलेले, नव्वद किलोच्या खाली नसतील. आसिम काडीसारखा.

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होतो. म्हणजे कपाटे उघडायची, उपकरणे मांडायची, तास संपला की पुसून परत ठेवायची. कय्युमभाई मला 'सर' म्हणत. पहिल्या दिवशीच मी दुरुस्त करायला हवे होते. त्या दिवशी संकोचलो, आणि नंतर फार उशीर झाला.

ट्रकच्या चाकाची लोखंडी डिस्क सगळी अखंड नसते. टायर चढवता यावे म्हणून तिची एका बाजूची कड निघते. ती कड म्हणजे रिंग. टायर चढवले की रिंग ठोकून खाचेत बसवतात आणि हवा भरतात. रिंग नीट बसली नाही, किंवा खाच गंजलेली असली, तर हवेच्या दाबाने ती सुटते, आणि सुटली की तोफेच्या गोळ्यासारखी जाते. हे सगळ्या टायरवाल्यांना ठाऊक असते. त्यावर अब्बांनी एक रीत घालून दिली होती. चाक आडवे टाकायचे, रिंगची बाजू जमिनीकडे करायची आणि वर एक माणूस उभा करायचा. रिंग सुटलीच तर जमिनीत जाईल, आणि माणसाच्या वजनाने चाक जागचे हलणार नाही. 'रिंग खाली, मानूस वर,' असे अब्बा म्हणत. चाळीस वर्षांत काही झाले नाही, म्हणून रीत बरोबर ठरली. मीही ती कितीदा पाहिली. प्रयोगशाळेत आयुष्य काढून माझ्याही डोक्यात कधी काही आले नाही.

उभे राहण्याचे काम कय्युमभाईंचे. चाकावर चढून, टिनाच्या खांबाला एक हात लावून, ते बिडी ओढत उभे असायचे. बस आली नाही म्हणजे माणूस जसा उभा राहतो तसे.

२०१३ च्या मार्चमध्ये अमरसिंग नावाच्या ड्रायव्हरचा ट्रक आला. त्याला संध्याकाळच्या आत हैदराबाद गाठायचे होते. कय्युमभाईंचा गुडघा त्या दिवशी सुजला होता. त्यांनी हवेची नळी हातात घेतली आणि आसिमला म्हणाले, "आज तू चढ." आसिम चढला.

आवाज कॉलेजात मलाही ऐकू आला. मला वाटले, कोणाच्या लग्नाचा सुतळी बॉम्ब.

रिंग जमिनीत गेली नाही. ती जिथे होती तिथेच राहिली, आणि ते एवढे जड चाक आसिमला घेऊन वर गेले. आसिमचा खांदा टिनावर आदळला आणि तो कमरेवर चाकाच्या कडेवर पडला. टिनाला तिथे बाहेरच्या बाजूने फुगवटा आहे, अजूनही आहे. आसिम चार महिने नागपूरच्या दवाखान्यात राहिला. डावा पाय पुन्हा सरळ झाला नाही.

स्टँडवरची माणसे चहा पिता पिता निकाल देत. "पोरगं हलकं होतं म्हनून उडालं. कय्युम चढला असता तं चाक जाग्यावर बसलं असतं." हे त्यांच्यासमोरच बोलत. कय्युमभाई ऐकून घेत. त्यांनाही तसेच वाटत होते.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी हवा भरायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "सर, एक इचारू? तुमच्या सायन्समधी याचं काही हाय का?"

"कशाचं?"

"रिंग खाली होती. मंग चाक वर काहून आलं? अन मी उभा असतो तं आलं असतं का नाई?"

मी म्हणालो, पाहून सांगतो. खरे म्हणजे मला उत्तर थोडे थोडे दिसत होते, पण त्या उत्तराची मला खात्री नव्हती आणि भीतीही वाटत होती. शेवटी मी म्हणालो, "रविवारी कॉलेजात या. किल्ली माझ्याजवळ असते."

रविवारी ते धुतलेला शर्ट घालून आले. चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटले, राहू द्या, पण त्यांनी काढल्याच.

टेबलावर मी दोन छोट्या ट्रॉल्या मांडल्या, चार चाकांच्या. दोघींच्या मधे दाबलेली स्प्रिंग, आणि दोघींना बांधून ठेवणारा दोरा. हा दोरा मी तीस वर्षे बांधला. सर लोक त्यावर दरवर्षी तीच वाक्ये बोलत, ती मला पाठ झाली होती. तीच मी कय्युमभाईंना सांगितली. म्हटले, आता दोघी मिळून एकच वस्तू आहे आणि ती उभी आहे. म्हणजे तिचा संवेग शून्य. संवेग म्हणजे वजन आणि वेग यांचा गुणाकार. ही वस्तू तुटली तरी बेरीज शून्यच राहणार. एक तुकडा जेवढा डावीकडे, तेवढाच दुसरा उजवीकडे. एकटा कोणी जाऊ शकत नाही.

काडी लावून दोरा जाळला. दोघी सारख्याच पळाल्या.

मग एकीवर लोखंडी वजने ठेवली. पुन्हा दोरा बांधला, पुन्हा जाळला. हलकी टेबलाच्या टोकापर्यंत गेली. जड वीतभर सरकली आणि थांबली.

"पाहा, जड राह्यलं जाग्यावर," कय्युमभाई घाईने म्हणाले.

"जाग्यावर नाही. सरकलं. कमी सरकलं, पण धक्का दोघींचा सारखाच."

ते जड ट्रॉलीजवळ वाकले. जिथून निघाली होती तिथली खडूची रेघ आणि ती थांबली ती जागा, यांमधले अंतर त्यांनी बोटांनी मोजले. मग म्हणाले, "आता एक गाडी भिंतीले लावा."

मी त्यांच्याकडे पाहिले. पुस्तकात असे काही नव्हते. मी टेबल सरकवून भिंतीशी नेले, हलकी ट्रॉली भिंतीला टेकवली, आणि जिच्यावर वजने होती ती मोकळी ठेवली. दोरा जाळला. भिंतीकडची जागेवरच राहिली. तिला जायला जागाच नव्हती. जड मात्र या वेळी वीतभरावर थांबली नाही. दोन हात गेली.

"अन वजन काढून?"

वजने काढून दोरा जाळला. ट्रॉली टेबलावरून खाली पडली आणि तिचे एक चाक निखळले.

कय्युमभाईंनी ते चाक उचलले. बराच वेळ हातात फिरवत राहिले. "भिंत म्हंजे जमीन," ते म्हणाले.

"हो."

"रिंग जमिनीले टेकली होती. तिले कुठं जाता येत नव्हतं. म्हनून सारं वर आलं."

"हो."

"मी उभा असतो तरी?"

"थोडं कमी उडाला असता तुम्ही."

"थोडा कमी मोडलो असतो." ते हसल्यासारखे झाले. "अन रिंग वरच्या बाजूनं असती, अन वर कोनीच नसतं, तं?"

"रिंग वर गेली असती. चाक जमिनीवरच दाबून राहिलं असतं."

म्हणजे रीत बरोबर उलटी होती. चाळीस वर्षे ती उलटीच होती. आपल्या जडपणाचे जे ओझे ते दोन महिने वाहत होते ते उतरले, आणि त्याच्या जागी दुसरे आले, हे मला त्यांच्या तोंडावर दिसले. मी काडेपेटी चाचपत बसलो.

निघताना ते चपला घालत म्हणाले, "सर, आसिमले हे गाड्या दाखवू नका. आता तो म्हनते, नशीब होतं. नशिबावर रागवून मानसाले झोप लागते. माह्यावर रागवून नाई लागनार."

"मी कशाला सांगू? अन कय्युमभाई, मी सर नाही. मी इथं कपाटं उघडतो."

"मालूम हाय," ते म्हणाले. "सर लोकायनं रविवारी दोरा बांधला असता का?"

त्या आठवड्यात दुकानात पिंजरा उभा राहिला. जाड लोखंडी पाइपांच्या चार कमानी, खाली पट्टीने जोडलेल्या. चाक त्यात उभे ठेवायचे, नळी जोडून लांब यायचे आणि मग हवा सोडायची. काही सुटलेच तर पाइपांवर आदळेल. मोठ्या शहरात असतो म्हणतात. आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता. जुलैत आसिम दवाखान्यातून आला, बाजेवर बसला आणि म्हणाला, "हे काय? कोंबड्या पाळतू का भैय्या?"

"कंपनीच्या मानसानं सांगतलं. आतापासून यातच हवा भराची."

"अब्बानं चाळीस साल भरली. तुहा कंपनीवाला किती सालाचा हाय?"

ड्रायव्हर हसले. कय्युमभाईंना खरे कारण सांगता येईना, आणि कारणाशिवाय आसिम ऐकेना. तो कुबडीवर उभा राहून टायर खोलायला लागला, पंक्चर काढायला लागला, हात त्याचा भावापेक्षा चांगला होता. पण पिंजऱ्याला त्याने कधी बोट लावले नाही. कय्युमभाई पाणी प्यायला आत गेले तरी हा एखाद्या क्लीनरला म्हणे, "चल, चढ बे वर. रिंग खाली, मानूस वर."

मग कय्युमभाईंनी कंप्रेसरचा पट्टा काढून खिशात ठेवायला सुरुवात केली. पट्टा नसला की मोटर नुसती फिरते, हवा बनत नाही. जेवायला घरी गेले, पट्टा खिशात. नमाजला गेले, पट्टा खिशात. त्यांच्या सगळ्या शर्टांचा डावा खिसा त्याने काळा झाला होता. वणीला त्यांच्या बायकोच्या, नाहिदभाभींच्या, भाचीचे लग्न होते, तिथे भाभी आणि मुलगी जेबा गेल्या, हे नाही. जेवायला गेले तर वीस मिनिटांत परत. मी एकदा म्हटले, जरा बसत जा घरी. म्हणाले, "बसतो ना. पन कान इकडंच राह्यते."

माझी निवृत्ती झाली होती, आणि रोज सकाळी दहाच्या सुमारास त्याच रस्त्याने वाचनालयाला जाण्याची माझी वेळ ठरलेली होती. २०१८ मध्ये भाभींचे भाऊ जुनेद यांनी निरोप आणला. ते यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, जुन्या टायरवर नवे रबर चढवण्याच्या कारखान्यात होते. तिथे देखरेखीला माणूस हवा होता. राहायला खोली, जेबाला शहरात कॉलेज. कय्युमभाईंनी हे मला तीन दिवसांत तीन वेळा सांगितले, दर वेळी पहिल्यांदा सांगत असल्यासारखे. "तिथं डिस्क नसते, सर. रिंग नसते. नुसतं टायर येते अन नुसतं टायर जाते. अन वर पंखा."

"मग जा ना."

"अन हा?"

आसिम समोरच बाजेवर ट्यूब घासत होता. मान वर न करता म्हणाला, "जा भैय्या, जा. मी हाय ना. अब्बाचं दुकान हाय, अब्बावानी चालवीन."

तरी एक दिवस जागा पाहून यायचे ठरवून कय्युमभाई सकाळच्या एसटीने गेले. पट्टा घेऊनच गेले.

दहा वाजता मी तिथून चाललो होतो, तर कंप्रेसर चालू. मला आधी कळेना. मग पाहिले, त्यावर नवा कोरा पट्टा होता. चाक जमिनीवर आडवे, आणि त्यावर ऋतिक नावाचा एक क्लीनर, चांगला पंचविशीचा, मोबाइल पाहत उभा. आसिमच्या हातात नळी.

मी आयुष्यात कोणाच्या दुकानात काही बंद केलेले नाही. त्या दिवशी सायकल टाकली आणि बटन बंद केले.

"काका! काहून बंद केलं?"

मी एवढेच म्हणालो, "तो खाली उतरू दे."

"भैय्यानं पहाऱ्यावर बसवलं का तुम्हाले?"

"नाही."

"मंग सांगा ना काहून!"

सांगायचे नाही असा शब्द दिला होता. मी कंप्रेसरजवळच्या टायरांच्या थप्पीवर जाऊन बसलो आणि बसूनच राहिलो. ऋतिक उतरून पानठेल्यावर गेला. दिवसभरात पाच ट्रक आले. आसिम प्रत्येकाला म्हणे, "दुकान बंद हाय. काका बसले हायत." दुपारी त्याने आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली. दोघांनी खाल्ली.

चारच्या एसटीने कय्युमभाई आले. माझ्याकडे पाहिले, आसिमकडे पाहिले, नव्या पट्ट्याकडे पाहिले. पिशवी खाली ठेवून त्यांनी तो पट्टा उतरवला आणि पहिल्याबरोबर खिशात कोंबला. खिसा इतका फुगला की शर्ट एका बाजूला ओढला गेला.

"कशी आहे जागा?" मी विचारले.

"चांगली हाय, सर. पंख्याखाली काम."

"मग?"

"मंग काय. एक दिवस गेलतो. एकच दिवस."

पुन्हा लोहाऱ्याचे नाव त्यांनी काढले नाही. जेबा मामाकडे राहून शिकली. कय्युमभाई त्या टिनाखालीच राहिले, पुढची सहा वर्षे. ट्रक आला की चाक पिंजऱ्यात, आणि स्वतः बाहेर खुर्चीवर. डिसेंबर २०२४ मध्ये एका दुपारी, जेवून आल्यावर, त्या खुर्चीवरच ते गेले. हृदयाचे होते म्हणाले. छप्पन्न की सत्तावन्न वय, नक्की मला माहीत नाही. खिशात दोन्ही पट्टे होते.

मी कितीतरी दिवस त्या रस्त्याने गेलो नाही. वाचनालयाला बाजारातून वळसा घालून जायचो. फेब्रुवारीत एकदा सवयीने सायकल तिकडे वळली. आसिम पिंजऱ्याशी होता. एक चाक आत उभे केलेले, आणि तो कुबडी टेकत दहा पावले लांब जाऊन नळी उघडत होता. मी थांबलो.

"या काका. पाहू नका असं. कोंबड्या पाळून राह्यलो."

मला हसू आले नाही. त्यालाही नाही.

चाक भरेपर्यंत आम्ही बाजेवर बसलो. मग तोच म्हणाला, "त्या दिवशी चाकावर उभा होतो ना, तवाच पायाखालून समजलं होतं मले. जमीन कुठं जानार हाय? जानार तं मीच. दवाखान्यात चार महिने छत पाहून हेच पाठ केलं."

"तुला माहीत होतं?"

"रीत चुकीची होती हे मालूम होतं. भैय्याले समजलं हेबी मालूम होतं. नाई तं पिंजरा कायले आनला असता? तो सांगत नव्हता, मी इचारत नव्हतो."

"मग मानायचा ना पिंजरा."

त्याने दाबाचे मीटर उगाच शर्टाने पुसले. "मानला असता तं भैय्या दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याले गेला असता. मी हा पाय घेऊन एकटा हितं काय करतो? म्हटलं, एक साल राहू दे. मंग मानतो. मंग म्हटलं, आनखी एक साल."

मी ऋतिकची गोष्ट काढली. तो जर पडला असता तर, असे काहीतरी म्हणालो.

"दहा पौंडच हवा होती काका त्यात. सायकलच्याहून कमी. तुम्ही मीटर पाह्यलंच नाई." मग हळूच म्हणाला, "तुम्ही रोज दहा वाजता हितून जाता, मले मालूम होतं."

सहा वर्षे मी मनात धरून होतो, की जन्मात एक काम तरी वेळेवर केले. चाक भरले होते. आसिमने उठून नळी काढली, आणि दुरूनच काठीने रिंगवर ठोकून आवाज ऐकला, जसे कय्युमभाई ऐकायचे.

कय्युमभाईंचे आणि माझे शेवटचे बोलणे ते गेले त्याच्या आदल्या दिवशी झाले. मी सायकल उभी केली. त्यांनी खिशातून पट्टा काढला, चढवला, मागच्या चाकात हवा भरली आणि अंगठ्याने दाबून पाहिले.

"सर, टायर बदला आता. घासलं."

"बदलतो पुढच्या महिन्यात."

"मागच्या महिन्यातबी हेच म्हनलं तुम्ही."

"थंडी कमी होऊ द्या."

"थंडीचं अन टायरचं काय हाय बाप्पा?"

"काही नाही," मी म्हणालो. "येतो."

"या. हळू जा."